बासष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी: श्रद्धेतून सुरू झाली, आता तिचं प्रवचन होत चाललंय. काय करू?

रातपाळी:

नमस्कार मंडळी. माझं वय ६२. मी ३४ वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची १९ अतिदक्षता विभागात. इतक्या वर्षांत लिहिलं ते फक्त पेशंटच्या चार्टवर. नाडी, रक्तदाब, लघवी किती मिली, कुठलं औषध किती वाजता दिलं, खाली सही. शाळेतले निबंध सोडले तर कथा, कविता, डायरी असं काहीच कधी लिहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. शेवटच्या अकरा रात्री मी तिच्या उशाशी होते. ती नाम घ्यायची, घेता घेता मध्येच थांबायची आणि माझ्याकडे मान वळवून विचारायची, "ऐकतोय ना गं तो?" मी दर वेळी "हो" म्हणायचे. असं "हो" मी आयुष्यभर कितीतरी अनोळखी माणसांना म्हटलंय, तो आमच्या कामाचाच भाग असतो. पण आईला म्हणताना पहिल्यांदा जाणवलं, की हे "हो" मी कशाच्या जोरावर म्हणतेय ते मला नीट माहीत नाही. मी श्रद्धाळू आहे. लहानपणापासून आहे, आजही आहे. तरी माहीत नव्हतं.

ती गेल्यावर महिनाभराने एका पहाटे जपाला बसले होते. जप चालू असताना डोळ्यांसमोर एक बाई आली. आमच्या वॉर्डात असायच्या तशी आयामावशी. एका हातात पोछा, दुसऱ्या हातानं बेडचा कठडा धरलेला. तिचा मुलगा गेलाय आणि तेव्हापासून तिनं देवाला हात जोडलेले नाहीत. पण पेशंट गेला, की नातेवाईक आत यायच्या आधी ती कोमट पाण्यात फडकं बुडवून त्याचं तोंड पुसते. कुणी सांगितलेलं नसतं. मला इतकंच दिसलं, आणि ही बाई मी लिहायची आहे असं ठाम वाटलं. आज्ञा म्हणावं तसं. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

त्याच दिवशी वही आणली. दीड वर्षात दोनशेपानी दोन वह्या भरल्या, तिसरी अर्धी झाली.

अडचण आता सांगते. माझी भाची भरपूर वाचते. तिला पहिली वही दिली. आठवड्यानं ती परत घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, नव्वदाव्या पानापर्यंत ही बाई जिवंत आहे. त्यानंतर ती तुझ्या मनातलं बोलायला लागते." तिनं ते प्रेमानं सांगितलं आणि ते खरंही आहे. ९१ पासून पुढे मावशीला उत्तरं सापडत जातात. डॉक्टर तिच्याशी वाद घालतात आणि हरतात. १३० च्या सुमाराला एक पेशंट वाचतो आणि सगळे हात जोडतात. लिहिताना मी स्वतः रडले होते. परवा वाचलं तर टाळ्यांसाठी थांबलेल्या वक्त्यासारखं वाटलं.

आता मला भीती वाटते ती ही. देवाचा उल्लेख काढत गेले, तर ज्यानं लिहायला बसवलं त्यालाच बाहेर काढल्यासारखं होईल का? आणि ठेवला तर ही बाई मरते. शिवाय एका प्रकाशनाकडे विचारायला गेले होते. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. या वयातल्या पहिल्या पुस्तकात आम्हाला रस नाही म्हणाले. त्याचं दुःख झालं, पण ते दुसऱ्या नंबरचं. पहिला प्रश्न वरचाच आहे. उशिरा लिहायला लागलेलं, श्रद्धेतून लिहिणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

शिसपेन्सिल:

ताई, नमस्कार. मी निवृत्त गणित शिक्षक. पहिली कादंबरी ६६ व्या वर्षी छापून आली, त्याआधी पाच वर्षं आणि सात खर्डे गेले. तीही श्रद्धेतूनच आलेली, त्यामुळे तुमचं ९१ वं पान मला चांगलंच ओळखीचं आहे.

वर्गात काही मुलं उत्तर बरोबर लिहायची आणि मधल्या पायऱ्या गाळायची. मी मार्क कापायचो. ती म्हणायची, सर, उत्तर तर बरोबर आहे. मी म्हणायचो, पण तू तिथे पोचलास कसा ते दिसत नाही. माझ्या तिसऱ्या खर्ड्यात मी त्या मुलांसारखाच वागलो होतो. माणसं देवाजवळ पोचत होती, पायऱ्या कुठेच नव्हत्या.

एक वाक्य सांगतो. गोष्ट दोन भावांची होती, अकरा वर्षं अबोला धरलेल्या. मी लिहिलं होतं: "परमेश्वराच्या कृपेने त्याच्या मनातला राग विरघळला." हिला वाचून दाखवलं. ती भाजलेल्या बोटाला मलम लावत होती, मान वर न करता म्हणाली, "कधी? सकाळी की संध्याकाळी?" मला सांगता येईना. कृपा झाली तेव्हा तो माणूस कुठे बसला होता, हातात काय होतं, आधीच्या मिनिटाला तो काय विचार करत होता, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. एका वाक्यावर तीन आठवडे गेले. शेवटी असं झालं, की भावाचं पत्र येतं आणि पाकिटावरचा पत्ता भावाच्या अक्षरात नाही. याला ते अक्षर लहानपणापासून पाठ. म्हणजे त्याला आता लिहिता येत नाही, किंवा दिसत नाही. हा पाकीट न फोडता उलटसुलट करत अंधार पडेपर्यंत बसून राहतो, मग उठून दिवा लावतो आणि पाकीट फोडतो. कृपा हा शब्द त्या पानावर नाही. माझ्या लेखी मात्र त्या पानावर कृपाच आहे, आणि ते लिहिताना मला जितकं जवळ वाटलं तितकं आधीच्या शंभर पानांत वाटलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या भीतीबद्दल माझं स्पष्ट मत: तुम्हाला जी बाई दिसली ती पोछा धरून उभी होती. ती हात जोडत नाही आणि तरीही तोंड पुसते. जेवढं दाखवलं गेलं तेवढंच पुरेसं होतं. ९१ नंतरची उत्तरं तुम्ही घातलीत, कारण तुम्हाला (मलाही तसंच झालं होतं) वाटलं की देवाची बाजू कमजोर पडतेय, आपण वकील व्हायला हवं.

हे आधीही झालेलं आहे. जॉन बन्यन हा इंग्रज धर्मोपदेशक परवान्याशिवाय प्रवचनं केली म्हणून १६६० पासून बारा वर्षं तुरुंगात होता. त्यानं १६७८ साली 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे आपलं प्रसिद्ध रूपकात्मक पुस्तक छापलं तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. त्याची पद्यातली प्रस्तावना तुमच्यासाठी वाचण्यासारखी आहे. त्यात तो सांगतो, की मी हे मित्रांना दाखवलं तर काही म्हणाले छाप आणि काही म्हणाले छापू नकोस. धर्माची गोष्ट कल्पित कथेत सांगणं योग्य का, हीच शंका तेव्हाही होती. आणि आपल्याकडे तुकोबांचा गाथा उघडून बघा. देवाशी भांडण आहे, रुसवा आहे, तू आहेस तरी का असं विचारणं आहे. ती भांडणं कुणी काढून टाकली नाहीत. तुमच्या मावशीला भांडू द्या की!

आता करायचं काय. लाल आणि निळी अशा दोन पेन्सिली घ्या. माणसं जे करतात, बोलतात, पाहतात, त्याखाली निळी रेघ. तुम्ही जे समजावून सांगता त्याखाली लाल. खोडू काहीच नका, नुसत्या रेघा मारा. माझ्या तिसऱ्या खर्ड्यात शेवटची चाळीस पानं जवळपास पूर्ण लाल निघाली. त्यातलं बहुतेक मी वेगळ्या वहीत उतरवून ठेवलं. ती माझी प्रार्थनेची वही झाली, अजून जवळ आहे. फेकून दिलं असतं तर मलाही तुमच्यासारखंच अपराधी वाटलं असतं.

वयाबद्दल जास्त बोलत नाही. पेनेलोपी फिट्झगेराल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ साली आली, तेव्हा त्या साठीच्या होत्या, आणि १९७९ साली त्यांना बुकर मिळालं. त्यांचे दोन्ही आजोबा बिशप होते, हे तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. हॅरिएट डोअर यांनी अर्धवट सोडलेली पदवी ६७ व्या वर्षी, १९७७ साली, पूर्ण केली. त्यांची पहिली कादंबरी १९८४ साली आली. नॉर्मन मॅक्लीन इंग्रजीचे प्राध्यापक. वडील धर्मोपदेशक. निवृत्त झाल्यावर मुलांच्या आग्रहावरून लिहायला बसले आणि पहिलं कथात्म पुस्तक १९७६ साली, सत्तरी उलटल्यावर आलं. त्यात धर्म आहे, पण वडिलांनी मुलांना मासे पकडायला कसं शिकवलं त्यातून तो येतो.

तळटीप:

रातपाळी ताई, मी हस्तलिखितांचं संपादन करते. देवावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते, कारण मी जे म्हणणार आहे त्याला त्याचा संदर्भ आहे.

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "डॉक्टर तिच्याशी वाद घालतात आणि हरतात." हे डॉक्टर कोण? त्यांना घर आहे का, झोप येते का, त्यांचा कुठला पेशंट त्यांच्या मनातून जात नाही? की मावशीला जिंकता यावं म्हणून त्यांना उभं केलंय? माझ्यासारखी वाचक त्या खुर्चीत बसणार आहे. तिथे पुठ्ठ्याचा माणूस दिसला की मी पुस्तक मिटते. देव नको म्हणून मिटत नाही. माझं म्हणणं लेखिकेनं ऐकूनच घेतलं नाही, म्हणून मिटते. त्या डॉक्टरांना तुम्हाला सुचेल ते सर्वांत अवघड वाक्य द्या. ज्याचं उत्तर तुमच्यापाशी नाही असं. आईचा प्रश्न आहेच की तुमच्याकडे.

श्रद्धेनं लिहिलेल्या कादंबरीला आपल्या भाषेत मोठी वंशावळ आहे. बाबा पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिली, जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. (ते तेव्हा तरुण होते, वयाचं उदाहरण म्हणून सांगत नाहीये.) त्यात यमुना प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांना भेटते, त्यांची हालत बघते, पुढे स्वतःही विधवा होते. धर्माची बाजू लेखकानं उघडपणे मांडली आहे. मी ती बऱ्याच वर्षांपूर्वी वाचली. धर्मचर्चा माझ्या मनात राहिली नाही, त्या बायका राहिल्या. धर्म पटो न पटो, त्या बायकांकडे कुणीतरी नीट पाहिलं होतं, आणि ते पाहणं पदमनजींच्या श्रद्धेतूनच आलं होतं. तुमच्या पहिल्या नव्वद पानांत तसं पाहणं आहे असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही. तुम्ही नर्स होतात. पेशंट, नातेवाईक, सहकारी ओळखू येतील असं काही ठेवू नका. नुसतं नाव बदलून भागत नाही. वय, आजार, घरात कोण कोण, शेवटचे शब्द यातलं निदान दोन-तीन गोष्टी बदला. एखादा प्रसंग बदलला की मोडतोच असं असेल, तर घरच्यांची परवानगी घ्या किंवा सोडून द्या. गोपनीयतेची जबाबदारी निवृत्तीबरोबर संपत नाही.

वह्यांचं म्हणाल तर आधी सगळ्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. एकुलती एक वही घेऊन कुठल्याही प्रकाशकाकडे जाऊ नका. टाइप झाल्याशिवाय बहुतेक जण वाचत नाहीत, तो वयाचा प्रश्न नसतो. फोनवर बोलून मराठी टाइप करता येतं, ते करून बघा. मोठ्यानं वाचताना खोटी वाक्यं जिभेला अडतात, हा जास्तीचा फायदा. मग एक पानाचा गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणं, एका वेळी दोन-तीन प्रकाशकांना. उत्तराला महिने लागतात. छापण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर हो म्हणण्याआधी किती प्रती, विक्री कोण करणार, हक्क कुणाकडे, हे लेखी घ्या. पण हे सगळं नंतर. आधी ते डॉक्टर.

सांजवात:

मी ७१. दोन कादंबऱ्या लिहून कपाटात ठेवल्या आहेत, तिसरी चालू आहे, त्यामुळे प्रकाशनाचं मला विचारू नका. माझा अनुभव एवढाच, की जप आणि लेखन एका बैठकीत करू नका. मी सुरुवातीला जपाच्या पाटावरूनच थेट वहीशी जायचे. मन भरलेलं असायचं आणि सगळी पात्रं माझ्यासारखी शांत शांत बोलायची, चोरसुद्धा. आता मध्ये तासभर घरकाम करते. धुणं वाळत घालताना कुणाचा तरी राग येतो, गुडघा दुखतो, मग लिहायला बसते. पात्रांना त्यांचे त्यांचे गुडघे मिळतात.

आणि रडू आलं म्हणून ते पान चांगलं, असं नसतं गं. आई आठवून रडू येतं. ते पानातून आलं की आठवणीतून, हे दोन महिन्यांनी कळतं.

रातपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

सर, दोन्ही पेन्सिली आणल्या. पहिल्या वहीत ९० पर्यंत लाल रेघा मोजक्या आहेत. ९१ ते १४० मध्ये निळी शोधावी लागते. १३० वर, जिथे सगळे हात जोडतात, तिथे अख्ख्या पानावर निळी रेघ एकच: "मॉनिटरचा आवाज सुरळीत झाला." बाकी सगळं मी बोलत होते. ते पान वेगळ्या वहीत उतरवलं. उतरवताना वाईट वाटलं नाही, हे बघून नवल वाटलं.

तळटीप ताई, डॉक्टरांबद्दल तुम्ही विचारलंत आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांना चेहराच दिला नव्हता. सोबत काम केलेल्या कितीतरी डॉक्टरांची झोपेनं सुजलेली तोंडं मला पाठ आहेत, आणि कागदावर नुसतं "डॉक्टर म्हणाले". आता ते पहाटे चारला औषधांच्या ट्रॉलीला टेकून उभ्या उभ्या डुलकी घेतात. आईचा प्रश्न मी त्यांना दिला. म्हणजे त्यांची आई त्यांना विचारायची, आणि त्यांनी "नाही" म्हटलं होतं, कारण त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. हे ते मावशीला सांगतात. आधीच्या खर्ड्यात इथे मावशीचं साडेचार पानांचं उत्तर होतं. आता असं आहे:

"मावशीनं फडकं पिळलं. पाणी बादलीत पडल्याचा आवाज झाला तेवढाच. मग ती म्हणाली, 'चौदा नंबरच्या आजींचं तोंड पुसायचंय. पाणी गार व्हायच्या आत.' डॉक्टर ट्रॉलीपासून सुटे झाले. तिच्यामागून गेले. आजींची मान जड झाली होती, एकटीला वळवता येत नव्हती. त्यांनी दोन्ही तळव्यांत ती धरली, जिवंत माणसाची धरतात तशी, आणि मावशीनं आधी कपाळ पुसलं, मग डोळ्यांचे कोपरे, मग हनुवटीखालची लाळ. दोघंही काही बोलले नाहीत. बाहेर नातेवाईक थांबले होते."

यात देवाचं नाव नाही. लिहून झाल्यावर मी बराच वेळ तशीच बसले होते आणि आईला म्हटलेलं "हो" आठवलं. ते कशाच्या जोरावर म्हटलं होतं ते मला अजूनही वाक्यात सांगता येत नाही, पण तिचं तोंड पुसताना माझा हात कसा चालला होता ते मला आठवतं. तोच हात मी मावशीला दिलाय.

भाचीला हे पान पाठवलं. तिचं उत्तर: "आजी चौदा नंबरच्या आधी कुठे होत्या? मला त्या आधीपासून भेटायला हव्यात." बरोबर आहे. म्हणजे आता ४० व्या पानापासून त्यांना आणावं लागेल. खऱ्या आजी वेगळ्याच आजारानं गेल्या होत्या आणि वयानं बऱ्याच लहान होत्या, ते सगळं बदललंय. घरात कोण कोण होतं तेही.

सांजवात ताई, मधला तास मीही ठेवलाय. त्या वेळात वह्यांचे फोटो काढते, रोज वीस पानं.

एक साधा प्रश्न राहिला. फोनवर बोलून टाइप करताना "पूर्णविराम" म्हटलं की माझ्याकडे तो शब्दच टाइप होतो आणि संवादाची अवतरणचिन्हं तर येतच नाहीत. मावशी आणि डॉक्टर यांतलं कोण बोलतंय ते मलाच कळेनासं होतं. तुम्ही चिन्हं नंतर हातानं घालता, की काही वेगळं करता?

तळटीप:

नंतर हातानंच. बोलताना दर संवादाआधी नवी ओळ घ्या आणि बोलणाऱ्याचं नाव म्हणा: "मावशी", "डॉक्टर". दुरुस्तीच्या वेळी नावं काढून चिन्हं घालायची. आणि चौदा नंबरचं पान टाइप झालं की मला पाठवा. मला ते पूर्ण वाचायचंय.